तांदळाच्या पेटीतला ढोल

पौडच्या पेठेत युनूस मुलाण्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर बसायचं, एवढंच. सकाळी तो फळ्या काढायचा आणि दिवस मावळेपर्यंत कुणाच्या तरी रेडिओच्या पोटात डोकं खुपसून बसायचा. बाप त्याचा शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. ताम्हिणीच्या अंगच्या धनगरवाड्यांवरून बोकड विकत घ्यायचा आणि पुण्याला धाडायचा. एकुलत्या पोरानं तोच धंदा पुढं चालवावा अशी त्याची फार इच्छा. पण युनूसला रक्त बघवत नसे. सोळाव्या वर्षी तो पुण्याला बुधवार पेठेत एका रेडिओवाल्याच्या हाताखाली जाऊन राहिला, चार वर्षांनी परत आला आणि बापाच्या नाकावर टिच्चून त्यानं हे दुकान टाकलं. बाप दोन महिने बोलला नाही. तिसऱ्या महिन्यात त्याचा रेडिओ बिघडला, मग बोलला.

युनूसचे कान फार तिखट. रेडिओ न उघडता, नुसता ऐकून, आत काय मेलंय ते तो सांगायचा आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. त्याला वेड एकच होतं, आवाज स्वच्छ पाहिजे. लग्नकार्यात तो लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. लोकांना भोंगा जोरात वाजला की बस्स, पण ह्याचं तेवढ्यावर भागत नसे. बोलणाऱ्याच्या तोंडाशी माईक धरून तो बाकी सगळ्या मांडवाला पिटाळत सुटायचा. ताशेवाले लांब, सनईवाले त्याहून लांब, रडणारं पोर घेऊन आई तर पार विहिरीकडं. "आवाजात आवाज मिसळतोय, मागं सरा," हे त्याचं पालुपद. युनूसभाई एक दिवस नवरदेवालाही बाहेर काढणार, अशी लोक थट्टा करायचे. माणूस सरळ होता, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता. पण आपल्या कामाचा फार अभिमान असलेल्या माणसांना समोरचं माणूस कधी कधी दिसेनासं होतं, आणि युनूस त्यातला होता.

म्हसू धनगर हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. बाप बोकड बघायला वाडीवर निघाला की युनूस मागं लागायचा, आणि बाप तिथं घासाघीस करत बसला की हे दोघं मेंढरांमागं रानभर उंडारायचे. म्हसूची आई तुकाबाई दोघांना एकाच ताटात ताकभाकर वाढायची. युनूस शहाणा आणि म्हसू ऐकणारा, अशी जोडी होती. युनूसनं झाडावर चढ म्हटलं की म्हसू चढायचा. उतर म्हटलं की उतरायचा. तुकाबाई म्हणायची, "माजं येक सांगनं ऐकंल तर शप्पत! युनूसनं सांगितलं का पळतंय."

पुढं म्हसू ढोल वाजवायला लागला. त्या मुलखात ढोलवाले पुष्कळ होते, पण म्हसूच्या हातात एक गंमत होती. वाजवता वाजवता फेर उलटायची वेळ आली की तो एक ठोका गिळायचा. हात वर जायचा आणि खाली येतच नसे. नाचणाऱ्यांचे पाय उचललेले राहायचे, बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा, आणि मग तो ठोका असा पडायचा की छातीत घुमायचा. किती वेळ थांबायचं हे म्हसूलाच ठाऊक. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला बी ठावं न्हाई. हाताला वाटतं तवा पडतो."

एकोणऐंशी सालच्या बिरोबाच्या जत्रेत युनूसनं वाडीवर जाऊन ओव्या टेप केल्या. बायकोच्या, म्हणजे दिलशादच्या भावानं कुवेतहून आणलेला कॅसेट रेकॉर्डर होता, त्याच्या पुढच्या अंगालाच बारकासा माईक. कोंडिबा नावाचा म्हातारा गाणारा होता, पाऊणशे वर्षांचा, आणि साथीला म्हसूचा ढोल. म्हाताऱ्याचा आवाज राहावा एवढाच विचार. ओव्या अशा स्वच्छ आल्या की कोंडिबा समोर बसून गातोय असं वाटावं. म्हातारा दीड वर्षात गेला आणि कॅसेट राहिली. वाडीची माणसं बाजाराला आली की दुकानात येऊन ऐकायची, डोळे पुसायची, आणि युनूसची छाती फुगायची. आपण एक पुण्याचं काम करून ठेवलंय असं त्याला वाटे, आणि ते खोटंही नव्हतं.

ब्याऐंशीच्या भाद्रपदात म्हसूला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग अंगारा, मग डोळे पार पिवळेधमक झाल्यावर वाडीवरून निरोप आला. युनूस भाड्याची जीप आणि ड्रायव्हर घेऊन गेला. चिखलात ती दोनदा रुतली. म्हसूचं डोकं मांडीवर घेऊन तो मागं बसला होता, आणि पुण्याच्या दवाखान्याच्या वाटेवर भूगाव ओलांडायच्या आत त्याच्या मांडीवरच म्हसू गेला. मागं बायको बानूबाई आणि आई तुकाबाई राहिल्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षभरात तुकाबाईचे कान गेले. वय झालंच होतं, पण लोक म्हणत रडून रडून गेले.

चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. बानूबाई सासूचा हात धरून दुकानाच्या पायरीशी आली. तुकाबाई वाळून अर्धी झाली होती. बसल्या बसल्या तिला दम लागत होता. युनूस उठून पाया पडला, तर तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तुज्याकडं म्हसूचा ढोल हाय म्हनं! बानू म्हनती, टेपात भरल्याला हाय. मला ऐकीव की रं."

दुकानामागच्या खोलीतच युनूसचा संसार होता. तिथं फळीवर त्याचा स्टिरिओ. दहाएक वर्षांचा जुना सेट, पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडक्या अवस्थेत आणून त्यानं उभा केलेला. बिस्किटाच्या डब्याएवढे दोन स्पीकर आणि मागाहून जोडलेला कॅसेट प्लेअर. युनूसनं कॅसेट लावली. कोंडिबाचा आवाज खोलीत भरला. त्याच्यामागं कुठंतरी बारीक टिक टिक ऐकू येत होती, ढोलावर पडणाऱ्या काठीची. तुकाबाईनं एका स्पीकरला कान लावला. मग दुसऱ्याला लावला.

"काय म्हनतंय?"

बानूबाई तिच्या कानाशी ओरडली, "कोंडिबामामा गात्यात!"

"आन म्हसू?"

"मागनं वाजतोय की!"

म्हातारी पुन्हा कान लावून बसली. युनूसनं आवाज वाढवला, इतका की दिलशादनं चुलीपुढं कानांवर हात ठेवले. तुकाबाईच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. शेवटी ती मागं सरली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "समद्यास्नी ऐकू येतोय. येका मलाच न्हाई."

युनूसनं कॅसेट थांबवली. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यानं विटांचा ट्रक गेला. तुकाबाईची पाठ दाराकडं होती, तरी ती म्हणाली, "केवढी गाडी गेली ही?"

युनूसनं चमकून तिच्याकडं पाहिलं. जवळ जाऊन तो ओरडला, "मावशी, गाडी कशी कळली तुमाला?"

"पायातनं आली," ती म्हणाली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "हितं बी आली."

मग मात्र त्याचं डोकं चालायला लागलं. म्हाताऱ्या कानातून बारीक आवाज आधी जातो, जाड आवाज शेवटपर्यंत टिकतो, हे त्याला बुधवार पेठेतल्या उस्तादानं शिकवलं होतं. ढोलाची घूम जाड, ती म्हातारीला कळणार. पण आपले हे दोन डबे! त्यांच्यातून जाड आवाज निघतच नाही. मोठा बासचा स्पीकर जोडला तर? त्यानं तुकाबाईचे दोन्ही हात धरले आणि तिला ओरडून सांगितलं, "ढोल टेपात हाय, मावशी! माज्या ह्या डब्यास्नी तो बोलता येत न्हाई. म्या मोठा स्पीकर जोडतो. येक म्हैना द्या मला. तुमाला म्हसूचा ढोल ऐकवला न्हाई तर दुकानाच्या फळ्या लावून टाकीन."

"म्हैनाभर टिकले तर येते," तुकाबाई म्हणाली. "ह्यो दमा मला उन्हाळा दाखवायचा न्हाई. पर तेवढं ऐकून जाईन म्हनते."

त्या बोलण्यानं युनूसची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी तो पुण्याला जाऊन आला. तिथं नव्या बासच्या स्पीकरची किंमत ऐकून जो मुकाट्यानं बाहेर पडला तो थेट एसटीत बसला. जे काही करायचं ते जुन्यापान्यातून, हे तिथंच ठरलं.

दरवर्षी पौडला तंबूचा सिनेमा यायचा. त्याच्या मालकानं एक भला मोठा स्पीकर कधीचा मोडीत टाकला होता. तो युनूसनं मागून आणला. त्याचा नरसाळ्यासारखा कागदी पडदा दोन ठिकाणी फाटलेला आणि कडा उंदरांनी कुरतडलेली. फाटलेलं त्यानं पातळ कागद आणि डिंक लावून सांधलं. कडेला काय लावावं, जे मऊ असेल आणि हलता हलता फाटणार नाही? दोन दिवस विचार केल्यावर त्याला बापाचा धंदा आठवला. करडाचं पातळ कमावलेलं कातडं आणून त्यानं त्याची पट्टी बसवली. ज्या धंद्याला तो आयुष्यभर नाक मुरडत आला होता, त्यानंच हात दिला. बाप असता तर त्यानं चार माणसांत हे दहा वेळा ऐकवलं असतं.

पेटीनं मात्र घाम काढला. चहाच्या खोक्याची फळी लावली तर पत्र्यासारखी थरथरायला लागली. आंब्याची लावली तर चिरली. जाड, जुनं, मुरलेलं लाकूड हवं होतं, आणि तसं घरात एकच होतं, दिलशादची माहेराहून आलेली सागवानी तांदळाची पेटी. युनूस दोन दिवस त्या पेटीभोवती घोटाळत होता. तिसऱ्या दिवशी दिलशाद म्हणाली, "अवो, तिच्याकडं असं टकामका काय बघताय? भोक पाडायचंय व्हय तिला?"

"मोठं पाडावं लागंल," तो खाली बघून म्हणाला.

"आन तांदूळ? तांदूळ काय तुमच्या डोक्यात भरू? तितं जागा रिकामीच हाय म्हना."

बोलली ती, पण संध्याकाळी तांदूळ तिनं स्वतःच गोणीत ओतला आणि पेटी पुसून त्याच्यापुढं ठेवली. तुकाबाईच्या हातचं ताक लग्नानंतर तीही प्यायली होती. त्यानं समोरच्या फळीला गोल भोक पाडलं तेव्हा ती खोलीत थांबली नाही.

पेटीच्या आत आवाज घोळू नये म्हणून मऊ काहीतरी ठासून भरावं लागतं. बानूबाईला निरोप गेला आणि तिनं मेंढरांची लोकर धाडली, म्हसूच्याच कळपातली. कुणाच्या तरी जळालेल्या पंपातली तार सोडवून युनूसनं दोऱ्याच्या रिळावर हातानं वेटोळं गुंडाळलं. त्यातून फक्त जाड आवाज ह्या पेटीकडं जाईल आणि बारीक आवाज जुन्या डब्यांतच राहील, अशी योजना. स्टिरिओच्या अंगात एवढा मोठा स्पीकर हलवायची ताकद नव्हती, म्हणून लाऊडस्पीकरचा अँप्लिफायर घरात आणून जोडला, आणि लग्नसराईतली दोन लग्नं सोडून दिली.

महिना भरायला पाच दिवस उरले होते तेव्हा पेटी पहिल्यांदा बोलली. त्यानं सिनेमाच्या गाण्यांची एक कॅसेट लावली, आणि मांडणीवरची ताटं किणकिणली. दिलशाद भिंतीला टेकून भाजी निवडत होती, ती दचकून पुढं सरकली. "पाठीत आलं की वो!" ती म्हणाली आणि हसली. युनूसनं जमिनीवर पाय ठेवून पाहिला, पेटीवर हात ठेवून पाहिला. ट्रकसारखा, अगदी ट्रकसारखा आवाज पायातून वर येत होता. त्याचे डोळे भरून आले. मांडीवर गेलेला म्हसू त्याला त्या वेळी फार आठवला.

मग त्यानं म्हसूची कॅसेट लावली.

कोंडिबा गायला लागला. डब्यांतून ओव्या येत होत्या, टिक टिक येत होती. पेटी गप्प होती. युनूसनं हात ठेवला. लाकूड गार. त्यानं बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा पेटीतून नुसती सूं अशी घरघर निघाली. त्यानं तारा तपासल्या. पुन्हा गाण्यांची कॅसेट लावली, ताटं पुन्हा किणकिणली. पुन्हा म्हसूची लावली, पुन्हा गप्प. अर्धा दिवस हेच चाललं. दिलशादनं जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारलीच नाही.

शेवटी, कॅसेटमध्येच कुठं खराबी असेल म्हणून त्यानं ती पार मागं नेली. एरवी तो कोंडिबाच्या पहिल्या ओवीपासून लावायचा. त्याच्या आधीचं मिनिटभर कधी कुणी ऐकलेलंच नव्हतं. ते आता सुरू झालं. खरखर, मेंढरांचं बें बें, आणि मग एक तरणा, जोरकस आवाज. त्याचा स्वतःचा.

"म्हसू, लांब जा रं! ढोल पडला का टेप दबतुया, ओव्या बुडत्यात. लांब जा."

मग लांबून म्हसू. "हितं का?"

"आजून लांब!"

आणखी लांबून, जेमतेम ऐकू येईल असं, "हितं?"

"त्या करवंदीच्या मागं जा. हां. तितंच थांब."

मग कोंडिबाची ओवी सुरू झाली.

युनूस तसाच बसून राहिला. सगळं त्याला आठवलं. त्या बारक्या माईकला ढोल सोसत नव्हता. ढोलाचा ठोका पडला की रेकॉर्डर आपोआप आवाज खाली ओढायचा आणि कोंडिबाचा शब्द गिळला जायचा. म्हणून त्यानं म्हसूला पिटाळला होता, मांडवातल्या सनईवाल्यांना पिटाळावं तसा. आणि म्हसू हसत हसत, गळ्यात ढोल घेऊन, करवंदीच्या जाळीमागं गेला होता आणि रात्रभर तिथं एकटा वाजवत राहिला होता. टेपात ढोलाची घूम नव्हतीच, आली होती ती नुसती काठीची टिक टिक. जे आत गेलंच नाही ते कुठल्याही पेटीतून बाहेर कसं येणार? एवढी साधी गोष्ट, आणि रेडिओ न उघडता आत काय मेलंय ते सांगणाऱ्या माणसाला ती पाच वर्षं कळली नव्हती.

त्यानं सरळ तुकाबाईला सांगायला हवं होतं. पण ते त्याच्यानं होईना. ज्या तोंडानं तो फळ्या लावून टाकीन म्हणाला होता, त्याच तोंडानं "म्हसूला मीच बाहेर ठेवला" हे कसं सांगायचं? शिवाय म्हातारी मरायला टेकलेली. तिला दोन घटका सुख मिळालं तर कुणाचं काय बिघडतंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. अशा समजुती माणूस स्वतःच्या सोयीनं घालतो आणि नाव दुसऱ्याचं पुढं करतो.

म्हसूचा चुलतभाऊ धुळा ढोल वाजवायचा. म्हसूकडंच शिकला होता, म्हसूचाच ढोल आता त्याच्या गळ्यात होता. युनूसनं त्याला गावाबाहेर बापाच्या शेळ्यांच्या जुन्या गोठ्यात बोलावलं. ह्या वेळी लाऊडस्पीकरचा चांगला माईक घेतला आणि धुळाला त्याच्यापुढं हातभर अंतरावर उभं केलं. काय करायचंय ते सांगितल्यावर धुळाचं तोंड उतरलं.

"भाई, म्हातारीला फसवायचं व्हय?"

"ऐकू दे रं तिला. तेवढ्यासाठी जीव धरून बसलीया. तू म्हसूवानी वाजीव. तो ठोका गिळायचा ना, तसा गीळ."

धुळानं ढोलाच्या पाया पडून वाजवायला सुरुवात केली. चांगला वाजवला. जिथं म्हसू गिळायचा तिथं त्यानंही ठोका गिळला, चार वेळा, पाच वेळा. युनूसनं तो टेप घरी आणून लावला तेव्हा पेटी अशी घुमली की शेजारच्या कोंबड्या ओरडत उठल्या. दिलशादला त्यानं काही सांगितलं नाही. पण बायकांना सांगावं लागत नाही. तिनं ऐकलं, त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती बाहेर जाऊन बसली.

बाजाराच्या दिवशी दुपारी बानूबाई सासूला घेऊन आली. स्टँडपासून दुकानापर्यंत यायला तुकाबाईला चार ठिकाणी बसावं लागलं होतं. आल्यावर तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "लाव," म्हणाली. दिलशादनं तिला पेटीशेजारी घोंगडीवर बसवलं. युनूसनं तिचा हात धरून पेटीवर ठेवला, आणि कॅसेट लावली.

पहिला ठोका पडला आणि म्हातारीचं अंग शहारलं. तिनं दुसराही हात पेटीवर ठेवला. मग पुढं वाकून छाती टेकवली, गाल टेकवला आणि डोळे मिटले. वर्षभरात कानाशी ओरडलेल्या शब्दांखेरीज तिच्या कानात काही शिरलं नव्हतं, आणि आता अख्खा ढोल तिच्या हाडांतून चालला होता. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बानूबाई पदर तोंडात धरून रडायला लागली. युनूसचा जीव भांड्यात पडला. साधलं, असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली.

फेर उलटायची वेळ आली. ठोका गिळला गेला. मग पडला. तुकाबाईनं डोळे उघडले. तिनं मान वर केली नाही, पण ती ऐकत होती ते निराळ्या रीतीनं. पुन्हा फेर आला, पुन्हा ठोका गिळला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती सावकाश उठून बसली.

"ह्यो धुळा हाय," ती म्हणाली.

ढोल वाजत राहिला.

"धुळाला थांबाय येत न्हाई. मोजून थांबतोय. माजा म्हसू मोजायचा न्हाई." तिनं पेटीवर हात थापटला. "चांगला वाजीवतोय पोरगा. पर म्हसू कुटं हाय?"

युनूसनं ढोल बंद केला. ताटं किणकिणायची थांबली. त्याला वाटलं आता रडावं, पाय धरावेत, काहीतरी सांगून सुटावं. त्यातलं काहीच त्यानं केलं नाही. खालच्या मानेनं त्यानं जुनी कॅसेट काढली, पार मागं नेली आणि लावली. बिस्किटाच्या डब्यांतून मेंढरांचं ओरडणं आलं, मग त्याचा स्वतःचा आवाज आणि मग लांबून म्हसूचा. तो आवाज ऐकून बानूबाई किंचाळली. आजवर तिला ठाऊकच नव्हतं की नवऱ्याचा शब्द कुठं जिवंत आहे. तिनं दोन्ही हातांनी फळीवरचा डबा धरला.

तुकाबाईला ह्यातलं काहीच ऐकू आलं नाही. सुनेचं तोंड तेवढं दिसलं. "काय झालं?" तिनं विचारलं. "हाय का म्हसू? काय म्हनतोय?"

युनूस तिच्या कानाशी वाकला. तो ओरडून सांगायला लागला.

"‘हितं का’ म्हनतोय, मावशी. ‘हितं उभा ऱ्हाऊ का’ म्हनतोय."

"मंग? तू काय म्हनलास?"

"लांब जा म्हनलो. आजून लांब जा म्हनलो. ढोलानं ओव्या बुडत व्हत्या, म्हनून त्याला लांब धाडला म्या. म्हनून त्यात ढोल न्हाई, मावशी. तुमच्या कानाचा दोस न्हाई. ढोल न्हाईच त्यात."

तुकाबाई मान वळवून त्याच्या ओठांकडं बघत राहिली, आपण बरोबर ऐकलं का हे पडताळत असल्यासारखी. मग म्हणाली, "आन गेला?"

"गेला."

"जायचाच," ती म्हणाली. "तुजं ऐकायचा तो."

तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण तिच्या बोलण्यात राग नव्हता, जुनी ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं ती बोलली. जमिनीला हात टेकून ती उठली, पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाली, "चल बानू. गाडी जाईल." दिलशाद तिला धरायला पुढं झाली. बानूबाई काही त्या डब्यापासून हलायला तयार नव्हती. शेवटी युनूसनं कॅसेट काढून तिच्या हातात दिली. वाडीवर टेप नव्हता, वीजही नव्हती. तरी तिनं ती घेतली, रुमालात बांधली आणि कनवटीला खोवली.

तुकाबाई त्याच महिन्यात, पौषात, गेली. युनूस मातीला गेला होता, पण लांब बांधावर उभा राहिला. कुणी जवळ ये म्हणालं तरी गेला नाही.

पेटीतला स्पीकर त्यानं काढून टाकला. भोकावर पत्रा ठोकून दिलशादनं पुन्हा तिच्यात तांदूळ भरला, आणि वर्षभर त्या भाताला लोकरीचा वास येत होता. दोघंही तो तसाच जेवायचे. दुकान पुढं पंचवीस वर्षं चाललं. लाऊडस्पीकर लग्नाला जात राहिले. पण मांडवात ढोलवाला येऊन, "युनूसभाई, हितं उभा ऱ्हाऊ का?" असं विचारायचा तेव्हा तो तारा तशाच टाकून बाहेर जाऊन उभा राहायचा.